ओहायोला हवा असलेला माणूस

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या माणसाला कौतुक करायला सांगणं म्हणजे भर बाजारात सदरा काढायला सांगण्यासारखं आहे. काढेल बिचारा, पण आधी चारी बाजूंना बघेल आणि काढल्यावर आठवडाभर घराबाहेर पडणार नाही. या गावात जेवण कितीही फक्कड झालेलं असो, बशी पावाने पुसून चकचकीत करणारा नवरा बायकोला म्हणतो, "खाण्यासारखं होतं." नातवंड झालं, चांगलं गुटगुटीत, की आजोबा पाळण्यात डोकावून म्हणतात, "हं. राहू द्या." कुणी "वाईट नाही" म्हणालं तर ती तोंड भरून स्तुती समजायची. त्याच्याही वर एक पायरी आहे, पण तिथवर सहसा कुणी पोचत नाही. ती म्हणजे "चालेल". जाणत्या माणसाने एखाद्या कारागिराला "हा चालेल" म्हटलं की त्याने टोपी उचलावी, घरी जावं आणि निवांत मरावं. मिळवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

एडगर सटक्लिफ याच गावात सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता. उंचीला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात मेव्हिसला पांढऱ्या झग्यात पाहून त्याचा श्वास अडकला होता, आणि तो सुटल्यावर तो म्हणाला होता, "भिजली नाहीस ना?" मेव्हिस ही आठवण एकवीस वर्षं सांगत आली होती, आणि सांगताना अजून लाजायची.

चौदाव्या वर्षी तो लेथ, म्हणजे लोखंड कातायची यंत्रं, बनवणाऱ्या कारखान्यात लागला आणि तिथंच राहिला. काम स्क्रेपिंगचं. लेथ ज्या लांब लोखंडी पाठीवर बसतो, तिला बेड म्हणतात. तो सपाट लागतो. सपाट म्हणजे तुमच्याआमच्या टेबलासारखा नव्हे. केसाचे दहा उभे भाग केले तर त्यातल्या एका भागाइतकाही उंचवटा चालत नाही. एडगर एका अचूक पट्टीला निळा रंग फासायचा, पट्टी बेडवर टेकवायचा, जिथं निळं उमटेल तिथला उंचवटा हातातल्या स्क्रेपरने हळूच खरवडायचा, आणि पुन्हा पट्टी टेकवायचा. दिवसातून शंभर वेळा. एक बेड पुरा व्हायला दोन-तीन आठवडे. शेवटी तो डोळे मिटून तळहात फिरवायचा, जिथं हात थबकेल तिथं दोन हात आणखी मारायचा, आणि मग फोरमनला सांगायचा, "बघा बुवा."

एकोणीसशे सदुसष्टच्या वसंतात लंडनच्या कुणीतरी हा कारखाना विकत घेतला, आणि महिनाभरातच नोटीस लागली की नाताळला बंद. इथले लेथ तेवढ्या दिवसांत पुरे करा आणि घरी जा. आता बेड सपाट करायला मोठाली यंत्रं निघाली होती. ती सकाळी बेड गिळायची आणि दुपारी सपाट करून ओकायची. एडगरने तसला एक बेड बघितला होता, त्यावरून हात फिरवला होता आणि हात पुसला होता.

त्याच सुमाराला लिलियनचं पत्र आलं. लिलियन म्हणजे मेव्हिसची धाकटी बहीण. लढाईत अमेरिकन शिपायाशी लग्न करून ती ओहायोला गेली, ती गेलीच. एकवीस वर्षांत दोघी बहिणींची गाठ नाही. लिलियनने लिहिलं होतं की त्यांच्या गावातल्या लेथवाल्यांना हाताने स्क्रेपिंग करणारी माणसं हवी आहेत, तिकडे ती विद्या संपली, जुने लोक मेले. त्यांचा साहेब जूनमध्ये लीड्सला येतोय, हॉटेलात मुलाखती घेणार आहे. एडगरला पाठव. राहायला घर तेच देतील, आमच्यासारखंच. घरात सगळ्या खोल्या भिंतीतूनच गरम होतात. आणि संडास दोन. दोन्ही घरात.

मेव्हिसने हे शेजारच्या मिसेस ग्रीनवुडना वाचून दाखवलं.

"दोन?" मिसेस ग्रीनवुड म्हणाल्या. "माणसं किती आहेत त्या घरात?"

"लिलियनची चार."

"मग दोन कशाला? एकाच वेळी जातात की काय?"

मेव्हिस हसली, पण मागच्या जानेवारीत अंगणातल्या संडासाचा नळ गोठला होता आणि ती अंगावर कोट घालून, हातात उकळत्या पाण्याची किटली घेऊन बर्फातून जाताना पडली होती. चार महिने तिची छाती घरघरत होती. डॉक्टर म्हणाले होते, ही ओल आणि हा धूर बघा. बघायला काय, ते खिडकीतून दिसतच होतं.

एडगरला अमेरिकेला जायचं होतं का? हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही, आणि विचारला असता तर त्याने "बघू" म्हटलं असतं. त्याला बेड हवा होता, वाकडा, लोखंडी. तो ओहायोत असेल तर ओहायोत. एवढं मात्र त्याला ठाऊक होतं की नाताळनंतर त्याच्या हातांना काही काम उरणार नव्हतं, आणि मेव्हिस आणखी एका हिवाळ्यात किटली घेऊन अंगणात जाणार होती.

ओहायोवाल्यांनी एक पुस्तिका पाठवली. तिच्यात लिहिलं होतं की मुलाखतीत उमेदवाराने आपले गुण मोकळेपणाने सांगावेत. हे वाचून एडगरने पुस्तिका मिटून चहाच्या डब्याखाली सरकवली.

"तालीम करू," मेव्हिस म्हणाली. तिने त्याची टोपी स्वतःच्या डोक्यावर ठेवली, आणि अमेरिकन माणसं बसतात म्हणून पाय स्टुलावर टाकले. "हं. मिस्टर सटक्लिफ, तुम्ही कामात कसे आहात?"

"तुला माहीत आहे की."

"मी मेव्हिस नाहीये. मी अमेरिकेचा साहेब आहे."

"मग माझी टोपी का घातलीयस?"

"एडगर!"

"बरं, बरं." तो खाकरला. "जमतं."

"जमतं काय? म्हण, मी यॉर्कशरमधला सगळ्यात चांगला स्क्रेपर आहे."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

मेव्हिसने टोपी काढून टेबलावर आपटली. मग पुन्हा घातली, कारण चहा व्हायला अजून वेळ होता. तासाभराच्या झटापटीनंतर एडगर "आजपर्यंत कुणी तक्रार केली नाही" इथवर पोचला आणि घामाघूम झाला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच अंगणातल्या संडासात गेला, कडी लावली आणि प्रयत्न करू लागला.

संध्याकाळी मिसेस ग्रीनवुडनी कुंपणावरून मेव्हिसला हाक मारली. "एडगरला बरं आहे ना गं? सकाळी आत बसून स्वतःचीच तारीफ करत होता. मी म्हटलं, डॉक्टरांना बोलवायचं का?"

तालीम तिथंच संपली.

पण हुकमाचा एक्का वेगळाच होता. मुलाखतीला फोरमनची चिठ्ठी न्यायची होती, आणि फोरमन होता हर्बर्ट क्रॅबट्री. चाळीस वर्षं त्या कारखान्यात, आणि माणसाला पारखायचं तर त्यानेच. हर्बर्ट अख्खा रविवार चिठ्ठी लिहायला बसला. बायको सांगत होती की दुपारी त्याने पुडिंगसुद्धा गार होऊ दिलं. सोमवारी त्याने एडगरला आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं, पाकीट पुढे केलं आणि खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर भिंत होती.

एडगरने चिठ्ठी वाचली.

'एडगर सटक्लिफ आमच्याकडे तेहतीस वर्षं आहे. कामाबद्दल तक्रार नाही. हा चालेल. — ह. क्रॅबट्री'

एडगरने ती परत वाचली. शेवटच्या दोन शब्दांपाशी त्याचे डोळे थांबले आणि त्याला अक्षरं नीट दिसेनाशी झाली. हर्बर्टने हे दोन शब्द चाळीस वर्षांत फक्त एकदा लिहिले होते, म्हाताऱ्या एमस अटलीसाठी, ज्याने एडगरला स्क्रेपर धरायला शिकवलं होतं. आणि तेही एमस गेल्यावर.

"मिस्टर क्रॅबट्री," एडगर म्हणाला, "हे जरा जास्त नाही का झालं?"

"लिहिलंय ते लिहिलंय," हर्बर्ट भिंतीला म्हणाला. "जा आता. बेड पडलाय तुझा."

मेव्हिसने घरी चिठ्ठी वाचली आणि पदर नसल्यामुळे ॲप्रनने डोळे पुसले. मिसेस ग्रीनवुडनी वाचली आणि म्हणाल्या, "संपलं. आता तुमचं सामान बांधायला घ्या." ती चिठ्ठी ज्यांनी ज्यांनी वाचली त्यातल्या एकालाही, एकालाही, कसलीही शंका आली नाही.

लीड्सच्या हॉटेलात गालिचा इतका जाड होता की एडगरला बूट बाहेर काढावेत असं वाटलं. बाकावर त्याच्या आधी लंडनहून आलेला एक पोरगेलासा माणूस होता. तो आत गेला आणि दहा मिनिटांत हसत बाहेर आला. ओहायोचे साहेब, मिस्टर केसलर, दारापर्यंत त्याला सोडायला आले होते. भलामोठा, गुलाबी, दिलदार माणूस. त्यांनी एडगरचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

"ये एड, ये! बस. एड म्हटलं तर चालेल ना? मला वॉल्ट म्हण."

एडगरच्या आईनेही कधी त्याच्या नावाचा तुकडा पाडला नव्हता. पहिल्याच मिनिटाला अरे-तुरे. "बरं, साहेब," तो म्हणाला.

"लिलियनने तुझ्याबद्दल खूप सांगितलंय. आता तू सांग. दहापैकी किती मार्क देशील स्वतःला? कामात?"

एडगरने प्रश्न मनावर घेतला. तो प्रामाणिक माणूस होता. दहा म्हणजे देव, आणि देवाने लेथ केलेला नाही. एमस अटली आठ. मग एमसच्या हाताखालचा माणूस? सात म्हणजे उर्मटपणा झाला. सहा म्हणताना जीभ अडखळली.

"साडेपाच म्हणा," तो म्हणाला. मग मेव्हिसची छाती आठवली आणि सगळा धीर गोळा करून त्याने बाजी लावली. "पावणेसहा."

केसलरसाहेबांची पेन्सिल थांबली. "आत्ता जो गेला ना, त्याला दोन वर्षं झालीत या कामात. तो म्हणाला नऊ."

"असेल," एडगर म्हणाला. "तरुण आहे."

साहेब हसले, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी चिठ्ठी मागितली. एडगरने ती काढून दिली आणि मान खाली घातली, कारण आपली एवढी स्तुती आपल्यासमोर वाचली जाताना माणसाने कुठं बघायचं? कागद उलटल्याचा आवाज. मागची बाजू कोरीच होती.

"एड," साहेब हळू आवाजात म्हणाले, "या क्रॅबट्रीचं आणि तुझं काही वाजलं होतं का?"

"नाही हो!"

"नाही, असेल तर सांग. होतं असं. तेहतीस वर्षं, आणि माणसाने तुझ्याबद्दल एवढंच लिहावं?"

एडगरला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. हर्बर्टच्या चिठ्ठीला नावं ठेवतोय हा! "साहेब, मिस्टर क्रॅबट्री फार सरळ माणूस आहेत. त्यांनी जे लिहिलंय ना, आमच्याकडे 'चालेल' म्हणजे…"

तो थांबला. वाक्याचा उरलेला भाग त्याच्या तोंडाशी आला होता. 'चालेल म्हणजे याच्यापेक्षा चांगला माणूस मिळणार नाही.' फक्त तेवढं बोलायचं होतं. पण ते बोलायचं कुणी? त्यानेच, स्वतःबद्दल? तो तोंड उघडं ठेवून बसला. साहेब वाट पाहत होते, अगदी मायेने वाट पाहत होते.

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"म्हणजे… चालेल," एडगर म्हणाला.

साहेबांना त्याची दया आली. खरोखरच भला माणूस. त्यांनी टेबलावरचा एक लोखंडी ठोकळा उचलून त्याच्यापुढे ठेवला. "बरं, बोलणं सोड. हे बघ. आमच्या सगळ्यात चांगल्या माणसाने केलंय. मी जाईन तिथं नेतो. काय वाटतं तुला?"

एडगरचा हात आपसूक ठोकळ्यावर गेला. डोळे मिटले. तळहात सरकला आणि कोपऱ्यापाशी थबकला. तिथं खोल होतं. बऱ्यापैकी खोल. त्याने परत फिरवला. शंकाच नाही. पोरासोरांचं काम. त्याने डोळे उघडले तर केसलरसाहेब, बारशाला बाळ दाखवणाऱ्या बापासारखे, पुढे झुकून त्याच्या तोंडाकडे बघत होते.

आता समोरचा माणूस परका, त्यातून यजमान, समुद्र ओलांडून आलेला. त्याने आपली लाडकी वस्तू हातात दिलेली. तिच्यातला दोष काढायचा? एडगरच्या घरात त्याला असं वाढवलं नव्हतं. त्याने मन घट्ट केलं आणि आयुष्यात कामाबद्दल कधी बोलला नव्हता ते खोटं बोलला. नुसतं खोटं नव्हे, वरचढ खोटं. यॉर्कशरच्या जिभेला जमेल तेवढी साखर त्यात घातली.

"वाईट नाही," तो म्हणाला.

केसलरसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी ठोकळा दोन्ही हातांनी ओढून घेतला, रुमालाने पुसला आणि बॅगेत ठेवला.

परतीच्या गाडीत एडगर खिडकीशी बसून राहिला. काहीतरी निसटलं होतं, पण कुठल्या क्षणी हे त्याला सापडेना. त्याने खोटं सोडून काही वावगं केलं नव्हतं. उलट साहेबाचं मन राखलं होतं. मेव्हिस स्टेशनवर आली होती. तिने विचारलं आणि तो म्हणाला, "माणूस भला आहे." तिला तेवढं पुरलं. घरी जाताना तिने ओहायोत पडदे कुठल्या रंगाचे लावायचे हे ठरवलं.

जुलैमध्ये पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. आम्हाला आपल्या कौशल्यावर विश्वास असलेली माणसं हवी आहेत, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली वॉल्ट अशी सही.

तीन दिवसांनी लिलियनचा फोन आला. त्या गल्लीत फोन एकट्या मिसेस ग्रीनवुडकडे, विणलेल्या टोपीखाली झाकून ठेवलेला. मेव्हिस धावत गेली. मिसेस ग्रीनवुड खोलीतून हलल्या नाहीत. त्यांनी पुसलेली कपाटं पुन्हा पुसायला घेतली.

"मेव्हिस! अगं काय केलं त्याने? ते म्हणतात, याला मन नाही कामात! म्हणतात, फोरमनसुद्धा नाखूश आहे!"

"नाखूश? हर्बर्ट? अगं त्याने 'चालेल' लिहिलं होतं! 'चालेल', लिलियन!"

पलीकडे अटलांटिकचा नुसता घूं घूं आवाज. मग लिलियन म्हणाली, "अगं बाई. खरंच? 'चालेल'?" क्षणभर ती हॅलिफॅक्सची पोर झाली होती. आणि मग पुन्हा ओहायोची. "पण मेव्हिस, इथं कुणाला कळणार ते? मी वॉल्टना सांगायला गेले, तर ते म्हणाले, तो स्वतःच पावणेसहा म्हणाला. एडगरला म्हणावं, एक पत्र लिही. एवढंच लिही की मी सगळ्यात चांगला आहे. एक ओळ! जागा आहे अजून. इतकं काय अवघड आहे गं त्यात?"

"लिहील," मेव्हिस म्हणाली. "लिहील तो." आणि फोन कापला गेला.

एडगरने लिहायला घेतलं. मेव्हिसच्या छातीची शपथ, त्याने मनापासून घेतलं. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसला तो सहापर्यंत. मेव्हिस मुद्दाम बाहेर गेली, त्याला मोकळेपणा मिळावा म्हणून. आली तेव्हा सात कागद चुलीत होते आणि आठवा त्याच्यापुढे. त्यावर लिहिलं होतं, 'प्रिय साहेब, पावणेसहाबद्दल क्षमस्व. विचार केल्यावर असं वाटतं की सहा म्हणायला हरकत नसावी.'

मेव्हिसने तो वाचला. रागावली नाही. खाली बसली, पेन घेतलं आणि म्हणाली, "मी लिहिते." तिला तर हवीच होती अमेरिका. तिने 'माझा नवरा' इतकं लिहिलं. मग पेनचं टोक चावलं. एडगर समोर बसला होता, मोठे खरबरीत हात टेबलावर ठेवून, कान लाल करून. त्याच्यादेखत लिहायचं? ती माजघरात गेली. तिथंही तिला त्याचं खाकरणं ऐकू येत होतं. अर्ध्या तासाने ती परत आली, कागदाची घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि बटाटे सोलायला लागली. आठवा कागद मात्र पोस्टात पडला. त्याला उत्तर आलं नाही.

नाताळच्या आधीच्या शुक्रवारी एडगरने शेवटचा बेड पुरा केला आणि हर्बर्टने त्यावर हात फिरवला. दोघांनी बराच वेळ बेडकडे पाहिलं. मग हर्बर्ट म्हणाला की बाहेर बर्फ पडेलसं दिसतंय, आणि एडगर म्हणाला, दिसतंय खरं.

जानेवारीत तो बेकारांच्या कचेरीत रांगेला उभा राहिला. खिडकीमागचा कारकून पन्नाशीचा, इथलाच, बोलण्यावरून वरच्या अंगाच्या वस्तीतला.

"नाव?"

"सटक्लिफ. एडगर."

"काय येतं?"

"थोडंफार स्क्रेपिंग."

कारकुनाचं पेन कागदावरून उचललं गेलं. त्याने चष्म्यावरून एडगरकडे पाहिलं, मग खिडकीच्या फळीवर ठेवलेल्या हातांकडे. "थोडंफार?"

"हो. थोडंफार."

"किती वर्षं?"

"तेहतीस."

कारकून उभा राहिला. का उभा राहिला हे त्यालाही सांगता आलं नसतं. मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली तेव्हा तो ओशाळून पुन्हा बसला. "माझे वडील त्याच कारखान्यात होते," तो म्हणाला. "मिस्टर सटक्लिफ, तुमच्यासारख्याला इथं कुठं पाठवू मी? या अख्ख्या खोऱ्यात तसलं काम राहिलं नाही हो. एकही नाही." त्याने कार्डांचा गठ्ठा उगाचच वरखाली केला. "टॉफीच्या कारखान्यात खोकी बांधायचं काम आहे. देऊ?"

"द्या."

कारकुनाने कार्ड लिहिलं, शिक्का मारला, पण हातातून सोडेना. तो पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगू, रागावू नका. तिकडे अमेरिकेत हातकाम करणाऱ्या माणसांचा तोटा आहे म्हणतात. तुमच्यासारखा गेला तर डोक्यावर घेऊन नाचतील. कधी विचार नाही केलात?"

"केला होता," एडगर म्हणाला. "थोडासा."

आणि कार्ड घेऊन, मागच्या माणसाला जागा करून द्यायला तो बाजूला झाला.